युनियनच्या नावाने आमच्याकडून पैसे उकळले, बायांनो सावध राहा

मी रत्नागिरीत देहविक्रीचा धंदा करते, एकटीच, कोठा चालवणारी घरवाली नाही की एजंट नाही, गिऱ्हाईक फोनवरच ठरवते. नाव लिहीत नाही, मुलगी दहावीला आहे. पण लिहिणं भाग आहे कारण हा माणूस चिपळूणलाही फिरलाय.

जूनमध्ये आला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, मिरकरवाड्याला होड्या शाकारलेल्या, खलाशी गावाला गेलेले, या दोन महिन्यांत आमच्या हातात पैसा नसतो हे त्याला बरोबर माहीत होतं. म्हणाला, ताई, तुमच्यासारख्या बायकांची युनियन काढतोय, कार्ड असलं की पोलीस हात लावणार नाहीत, साठीनंतर पेन्शन मिळेल. फी २,१०० आणि महिन्याला २००. मी जीपे केले, वर आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो दिले, तीच मोठी चूक. आणि सारखं सांगायचा की दुसऱ्या कुठल्या बाईला बोलू नका, तुमच्याच सेफ्टीसाठी सांगतोय. मला वाटलं किती काळजी करतो.

कार्ड आलं, लॅमिनेट केलेलं, मागे निळा गोल शिक्का, नंबर ०४७. पुढे तपासणीच्या कॅम्पला चिपळूणची एक बाई शेजारी बसली होती, बोलता बोलता तिने पर्समधून कार्ड काढलं, तोच शिक्का आणि नंबरही ०४७. दोघी किती वेळ त्या दोन कार्डांकडे बघतच राहिलो.

फोन करून जाब विचारला तर म्हणाला ५,००० टाक नाहीतर झेरॉक्स तुझ्या घरच्या पत्त्यावर जाईल. पोरीचा विचार करून टाकले. दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कॉल केला तो तीन आठवड्यांनी, तक्रार नंबर मिळाला, पैसे नाहीत. पैसे गेल्या गेल्या करायला हवा होता, तुम्ही उशीर करू नका.

आता कोणी म्हणेल युनियनच्या भानगडीत पडूच नये. मला अजिबात पटत नाही. तो आम्हाला फसवू शकला कारण आम्ही एकमेकींना ओळखतच नाही. पिटा, म्हणजे अनैतिक व्यापार रोखण्याच्या कायद्यात, दोघींनी मिळून एका खोलीत धंदा केला तरी तो कुंटणखाना ठरतो, मग भीतीने सगळ्या सुट्या सुट्या राहतात. सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषद १९९६ पासून आहे, कोलकात्याला सोनागाची या वेश्यावस्तीतल्या बायकांनी १९९५ साली उषा नावाची स्वतःची सहकारी सोसायटी काढली, सावकाराच्या दारात जायला नको म्हणून. पण त्या वस्तीत राहणाऱ्या, रोज एकमेकींचं तोंड बघणाऱ्या. आमचं तसं नाही, आम्हाला मालकच नाही तर पगारासाठी कोणाशी भांडणार. तरी मारझोड करणाऱ्या गिऱ्हाईकाचा नंबर दुसरीला कळवायला, पकडलं तर वकील उभा करायला, पावसाळ्यापुरती बचत ठेवायला आम्हालाही संघटना पाहिजे, खरं तर आम्हालाच जास्त पाहिजे.

फक्त पैसे देण्याआधी बघा. युनियन नोंदवायची तर अर्जावर निदान सात सभासदांच्या सह्या लागतात, तर त्या बाया कोण, त्यांना भेटवा म्हणा, नोंदणीचा दाखला मागा. पैसे युनियनच्या बँक खात्यात जातायत की कोणाच्या पर्सनल नंबरवर ते बघा. कुठलंही कार्ड पिटाच्या वर नाही. आधार नसेल तर त्यासाठी एजंट धरू नका, सुप्रीम कोर्टाच्या मे २०२२ च्या आदेशाने पत्त्याचा पुरावा नसला तरी एड्स नियंत्रण संस्थेच्या अधिकाऱ्याच्या दाखल्यावर आधार निघतं. त्याच आदेशात पोलिसांनी आपल्याशी नीट वागायचं असंही आहे, हे मला आधी माहीत असतं तर ५,००० टाकण्याऐवजी चौकीत गेले असते.

चिपळूणची ती आणि मी आता रोज रात्री एकमेकींना मेसेज करतो, घरी पोचले म्हणून. तुमच्याकडे ०४७ नंबरचं कार्ड असेल तर पुढचा एकही रुपया देऊ नका, आणि रागाच्या भरात कार्ड फाडू नका, मागच्या शिक्क्याचा फोटो काढून ठेवा, तक्रारीला लागेल.