५ लाख २० हजारांचं घराचं नूतनीकरण, १६ महिने वापरून

सांगलीत मारुती चौकाच्या मागं आमचा दुसऱ्या मजल्यावरचा जुना फ्लॅट. किचनला २ लाख १० हजार, बाथरूमला १ लाख ३५ हजार, वायरिंगला ९० हजार आणि हॉलच्या पीओपीला ८५ हजार घातले. हे म्हणाले, "पैसे कुठं जात नाहीत, विकताना निघतात की." १६ महिन्यांनी मुलाकडं पुण्याला जायचा विचार झाला, म्हणून घर दाखवायला काढलं. तेव्हा काय निघतं ते कळलं.

आधी बाथरूममधला टब, कारण पश्चात्ताप त्याचाच मोठा. भरायला २०० लिटर पाणी, तेही नळ येऊन गेल्यावर टाकीतलं. आजवर ४ वेळा भरला, त्यात २ वेळा भाच्यांनी होड्या सोडल्या. यांचा गुडघा दुखतो, टबाचा कठडा ओलांडवत नाही. त्यामुळं बाहेर उरलेल्या वीतभर जागेत स्टूल टाकून बादलीनं आंघोळ चालते. जुनी मोरी बरी होती हो! घर बघायला आलेल्या एका बाईंनी आत डोकावून विचारलं, "हे काढून देणार ना?" म्हणजे किंमत वाढायची राहिली बाजूला, काढायचा खर्चही आमच्याच माथी.

पीओपीनं छत ७ इंच खाली आलं. कडेचे लपवलेले दिवे पहिल्या दिवाळीत लावले, नंतर पाहुणे आले तरच. खाचेत साचलेली धूळ शिडीवर चढून पुसावी लागते. वरच्यांच्या बाथरूममधून पाणी झिरपलं, तर ते पीओपीच्या पोटात मुरून डाग पडल्यावरच आम्हाला समजलं.

किचनवर मात्र मी खूश. खालच्या कप्प्यातलं पातेलं काढायला वाकून अर्धं अंग आत घालावं लागायचं, ते ट्रॉल्यांमुळं संपलं. सिंकखाली वॉटरप्रूफ प्लायचा हट्ट धरला होता, तिथं अजून काही फुगलं नाही. शेजारच्या वहिनींनी तिथं साधा बोर्ड घातला, त्याचा वर्षात पापड झाला. पण एजंट काय म्हणाला? "काकू, घेणारा ट्रॉल्या आपल्या मनासारख्या करून घेतो. त्याचे वेगळे मागू नका."

वायरिंग नवं केलं, विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच बसवला. भिंतीत गेलेलं दिसत नाही, म्हणून कुणी विचारतही नाही. मला शांत झोप लागते, ती कोण मोजणार?

बँकेचा माणूस मूल्यांकनाला आला, त्यानं चटई क्षेत्र मोजलं, बांधकामाचं साल लिहिलं, मजला आणि रस्ता बघितला. छताकडं मान वर केली नाही. रेडी रेकनरमध्येही, म्हणजे सरकारी दरांच्या तक्त्यातही, ट्रॉलीचा रकाना नसतो. सीए एवढं म्हणाले, की कायमस्वरूपी सुधारणांची पक्की बिलं असतील तर विक्रीच्या नफ्यावरचा कर काढताना तो खर्च धरता येतो, सुट्या फर्निचरचा नाही. आमच्या बाथरूमचं बिल वहीच्या कागदावर!

घर बघायला ७ जण आले. सातही जणांचा पहिला प्रश्न एकच, "१९ ला पाणी कुठवर आलं होतं?" २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५. आमच्या पार्किंगमध्ये छातीएवढं पाणी होतं, २०२१ लाही शिरलं. एका काकांनी तर खांबाचा रंग नखानं खरवडून पाण्याची रेघ शोधली. वर येऊन चहा घेतला, नवं किचन ओझरतं बघितलं आणि विचारलं, "मीटर कुठं आहेत?"

पुरानंतर सोसायटीनं मीटरची पेटी पहिल्या मजल्याच्या जिन्यात हलवली होती. आमची वर्गणी ३,८०० रुपये, तीही ह्यांनी कुरकुरत दिली होती. काकांनी उतरताना ती पेटी उघडून बघितली, फोटो काढला, बायकोला पाठवला. त्यांनीच पुढं फोन केला.

भाव जमला नाही, घर अजून आमचंच आहे. टब काढून मोरी करायला मिस्त्री ३५ हजार सांगतोय.