महापालिका, ग्रामपंचायत की वेगळी नगरपरिषद? पुण्याच्या हद्दीला लागून राहणाऱ्यांसाठी तुलना

ज्यांची गावं अजून हद्दीबाहेर आहेत त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा विषय दर दोन महिन्यांनी निघतोच. हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, जांबे, गहुंजे, सांगवडे ही गावं पिंपरी-चिंचवडमध्ये घ्यायची की नाही ह्यावर किती वर्षं चर्चा चाललीय, आणि त्यात ऑगस्ट २०२५ ला अजित पवारांनी चाकणमध्ये सांगितलं की पुणे जिल्ह्यात आणखी तीन महापालिका कराव्या लागतील, हिंजवडीकडे एक, चाकणकडे एक आणि मांजरी-फुरसुंगी-उरुळी देवाचीकडे एक. म्हणजे आता पर्याय दोन नाही, तीन-चार झालेत. सह्यांची मोहीम घेऊन कोणी दारात आलं की आपण पटकन सही करून टाकतो किंवा पटकन नाही म्हणतो. तसं करू नका, कारण ह्यातला प्रत्येक पर्याय पुण्याच्या आजूबाजूला कुठे ना कुठे करून झालेला आहे आणि त्याचा निकाल बघायला मिळतो.

आधी थोडक्यात काय काय झालंय ते. १९९७ ला पुणे महापालिकेत ३८ गावं आली, मग विरोध झाला आणि काही वर्षांत त्यातली १५ गावं पूर्ण आणि काही गावांचा थोडा भाग परत बाहेर गेला. उरलेल्या २३ मध्ये बाणेर, बालेवाडी, खराडी, वारजे ही नावं आहेत. ऑक्टोबर २०१७ ला ११ गावं आली, त्यात लोहगाव, धायरी, उंड्री, शिवणे, आंबेगाव, फुरसुंगी, उरुळी देवाची. ३० जून २०२१ ला अजून २३, त्यात वाघोली, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, किरकटवाडी, नांदेड, मांजरी बुद्रुक, पिसोळी वगैरे. हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेली. आणि मग २०२४ ला फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. आत जाणं आणि बाहेर येणं, दोन्ही इथे झालंय.

पाणी

सगळ्यात आधी पाणी, कारण बाकी सगळं त्याच्या नंतर येतं.

ग्रामपंचायतीत पाणी म्हणजे बोअर, गावची विहीर, एखादी जुनी नळयोजना आणि बाकी टँकर. मोठ्या सोसायट्यांना परवानगी मिळते तेव्हा बऱ्याचदा बिल्डर लिहून देतो की अधिकृत पाणी येईपर्यंत मी पुरवीन, पण सोसायटी हॅन्डओव्हर झाली की टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये येऊन बसतं आणि तिथून हलत नाही. ग्रामपंचायतीकडे मागितलं तर त्यांची ऐपतच नाही, वीस-बावीस मजल्यांचे टॉवर धरून कोणी ती ग्रामपंचायत बनवलेली नव्हती.

महापालिकेत गेल्यावर पाणी देणं ही महापालिकेची जबाबदारी होते. पण जबाबदारी एका रात्रीत होते आणि पाइपलाइनला वर्षं लागतात, आणि ह्या मधल्या काळात काय होऊ शकतं हे आपण जानेवारी २०२५ ला बघितलं. जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, ज्यात नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात) पेशंट सापडायला लागले ते जास्त करून नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, धायरी, सिंहगड रोड ह्या पट्ट्यात. धायरी २०१७ पासून महापालिकेत, नांदेड-किरकटवाडी-नांदोशी २०२१ पासून. खडकवासला धरण हाकेच्या अंतरावर आणि ह्या गावांमधल्या कितीतरी घरांना येत होतं ते विहिरीचं पाणी, नुसतं क्लोरीन टाकलेलं, फिल्टर प्लांटमधून न आलेलं. संशयित पेशंट दोनशेच्या वर गेले, काही जण दगावले, कितीतरी लोक आयसीयूत होते. मला ही गोष्ट अजूनही आठवली की राग येतो, कारण ती गावं कागदावर किमान साडेतीन वर्षं शहरात होती.

मग ह्याचा अर्थ आत जाऊ नये असा होतो का? मला तसं वाटत नाही. ती विहीर ग्रामपंचायतीच्या काळातही तीच होती, पण महापालिका असल्यामुळे निदान जाब कुणाला विचारायचा हे ठरलेलं होतं, पाण्याचे नमुने तपासले गेले, महापालिकेच्या हद्दीतल्या पेशंटसाठी कमला नेहरू हॉस्पिटलमध्ये मोफत उपचार जाहीर झाले. ह्यातून घ्यायचं ते एवढंच की फक्त विलीनीकरणाचा जीआर आला म्हणजे नळ आला असं धरू नका. बाणेर-बालेवाडी १९९७ ची, आणि तिथला पाण्याचा प्रश्न २०१६ ला हायकोर्टात गेला होता आणि नवीन बांधकाम परवानग्यांवर कोर्टाने बंदी घातली होती. जवळजवळ वीस वर्षांनंतर!

म्हणून सही करायच्या आधी विचारायचा प्रश्न एकच: आपल्या गावाला कुठल्या टाकीतून पाणी येणार, ती टाकी बांधलीय का, आणि नाही तर तिचं टेंडर कधी. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ह्या चारही धरणांचं मिळून साधारण २९ टीएमसी पाणी आहे आणि त्याच कालव्यावर हवेली, दौंड, इंदापूरची शेती पण आहे. गावं वाढली म्हणून धरण वाढत नाही. पिंपरी-चिंचवडकडे जाणाऱ्यांनी हाच प्रश्न पवना धरणाबद्दल विचारावा.

घरपट्टी

भांडणं सगळ्यात जास्त ह्याच्यावर होतात.

ग्रामपंचायतीची घरपट्टी कमी असते हे खरंय. महापालिकेत गेल्यावर ती एकदम वाढत नाही, आधी ग्रामपंचायतीच्या दराने आणि मग दरवर्षी टप्प्याटप्प्याने वाढत महापालिकेच्या दराला पोचते. पण तरी शेवटचा आकडा मोठा असतो आणि गोडाऊन, दुकान, भाड्याच्या खोल्या असणाऱ्यांना तो खूप मोठा वाटतो. फुरसुंगी-उरुळीच्या लोकांनी बाहेर पडायची मागणी लावून धरली त्यात मुख्य कारण हेच होतं, की टॅक्स शहराचा आणि सोयी गावाच्या, आणि वर शहराचा कचरा डेपो अनेक वर्षं त्यांच्याच उरावर. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मार्च २०२४ मध्ये तर ११ आणि २३ मिळून ३४ गावांमधल्या टॅक्स वसुलीला राज्य सरकारने स्थगिती दिली, म्हणजे तक्रार सरकारलाही पटली होती.

पण फ्लॅटवाल्यांनी हिशोब वेगळा करायला पाहिजे. तुमच्या सोसायटीचं वर्षाचं टँकरचं बिल काढा, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) चालवायचा खर्च काढा, कचरा उचलायला खासगी माणूस लावला असेल तर तो खर्च काढा, हे सगळं भागिले फ्लॅट करा आणि ते महापालिकेच्या घरपट्टीशेजारी ठेवा. बऱ्याच मोठ्या सोसायट्यांमध्ये असं दिसेल की टॅक्स आपण आधीच भरतोय, फक्त टँकरवाल्याला. उलट गावठाणातलं जुनं घर, घरची विहीर, दोन खोल्या भाड्याने, अशा कुटुंबाला महापालिका महाग पडते आणि लगेच काही मिळत नाही. एकाच गावात ह्या दोन लोकांचं मत वेगळं असणारच, त्यात कोणी स्वार्थी नाही.

पुणे महापालिकेत गेलात तर एक गोष्ट लक्षात ठेवा: स्वतः राहत असाल तर घरपट्टीत ४० टक्के सवलत आहे, पण नवीन घरांना ती आपोआप लागत नाही, पीटी-३ फॉर्म पुराव्यासकट भरावा लागतो. आणि बांधकाम अनधिकृत धरलं तर शास्ती म्हणजे दंडाचा कर लागून बिल तिप्पटपर्यंत जाऊ शकतं. त्यामुळे परवानगीचे कागद, आठ नंबरचा उतारा, जुन्या घरपट्टीच्या पावत्या हे सगळं हद्द बदलायच्या आधी ग्रामपंचायतीतून काढून घ्या, नंतर दप्तर ह्या ऑफिसातून त्या ऑफिसात जातं आणि शोधताना जीव जातो.

कोणाला फोन करायचा

ग्रामपंचायतीत जास्तीत जास्त १७ सदस्य, सरपंच, आणि वर्षातून किमान चार ग्रामसभा. तिथे उभं राहून माणूस हिशोब विचारू शकतो. (सोसायटीतले लोक ग्रामसभेला जातच नाहीत आणि मग ग्रामपंचायत ऐकत नाही म्हणतात, हे बदलायला पाहिजे.)

महापालिकेत चार जणांचा प्रभाग. तीन-चार गावं आणि शहराचा एखादा तुकडा मिळून एक प्रभाग होतो आणि त्यात तुमच्या गावचा माणूस निवडून येईलच असं नाही. २०१७ ला आलेल्या ११ गावांना मिळून पोटनिवडणुकीत फक्त २ नगरसेवक मिळाले होते. २०२१ च्या २३ गावांचं तर अजून वाईट झालं, मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आला, आणि निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ ला. साडेचार वर्षं त्या गावांना ना सरपंच ना नगरसेवक. ज्या काळात रस्ता, ड्रेनेज, पाणी ह्याचे पैसे ठरतात त्याच काळात बोलायला कोणी नाही, आणि माझ्या मते विलीनीकरणाचं सगळ्यात मोठं नुकसान हे आहे, टॅक्स नाही.

नगरपरिषदेत हे सगळ्यात बरं. नगराध्यक्ष थेट लोकांमधून, प्रभाग लहान, मुख्याधिकारी गावातच बसतो. फुरसुंगी-उरुळी देवाचीची पहिली निवडणूक डिसेंबर २०२५ ला झाली सुद्धा.

मग वेगळी नगरपरिषदच का नको?

इथे लोक पिंपरी-चिंचवडचं उदाहरण देतात. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ह्या ग्रामपंचायती एकत्र करून १९७० ला नगरपालिका झाली, १९८२ ला महापालिका, आणि नंतर श्रीमंत महापालिका म्हणून नाव झालं. मग हिंजवडीला का नाही जमणार?

कारण पिंपरी-चिंचवड उभं राहिलं ते कारखान्यांच्या जकातीवर. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली आणि गेली, २०१७ ला जीएसटी आला. ज्या महापालिका आधीपासून होत्या त्यांना त्या बुडालेल्या उत्पन्नाच्या बदल्यात राज्याकडून दर महिन्याला भरपाई येते. आज नव्याने जन्मलेल्या संस्थेला तो आधार आपोआप मिळेल असं धरता येत नाही, तिच्या हातात मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी, बांधकाम परवानगीचे पैसे आणि सरकारी अनुदान एवढंच. इंजिनिअर, आरोग्य निरीक्षक, फायर ब्रिगेड, कचऱ्याच्या गाड्या सगळं शून्यापासून. आणि कमी टॅक्स पाहिजे म्हणून वेगळं व्हायचं असेल तर हे सगळं कशातून करणार ते आधी कोणीतरी सांगायला पाहिजे. हिंजवडी-माणमध्ये आयटी कंपन्या आहेत, तिथला पाया भक्कम होऊ शकतो, पण तिथे सुद्धा काही रस्ते एमआयडीसीकडे, काही पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), काही पीडब्ल्यूडीकडे, काही ग्रामपंचायतीकडे, आणि पावसात रस्त्यावर पाणी साचलं की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. नगरपरिषद झाली तर हे सगळं एका हाताखाली येणार की अजून एक हात वाढणार, हे लेखी मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

जमीन आणि परवानगी

ज्यांची शेती किंवा गुंठेवारीतली जागा आहे त्यांनी हा भाग नीट बघा. हद्द बदलली म्हणून सातबारा जात नाही, मालकी बदलत नाही. पण आरक्षणं येतात. १९९७ च्या गावांमध्ये टेकड्यांवर बीडीपी (जैवविविधता उद्यानाचं आरक्षण) आलं आणि त्याचा निकाल लागायला २०१५ उजाडलं, तोपर्यंत लोकांना ना बांधता येत होतं ना मोबदला मिळत होता. २०२१ च्या गावांचं नियोजन तर आधी पीएमआरडीएकडेच ठेवलं, म्हणजे टॅक्स महापालिकेला आणि प्लॅन पास करायला दुसरीकडे. ग्रामपंचायतीत राहिलात तरी नियोजन पीएमआरडीएकडेच असतं, त्यामुळे बाहेर राहिलो की आरक्षण टळलं ही समजूत सोडून द्या. ग्रामपंचायतीच्या जुन्या परवानगीवर तीन-चार मजले चढवलेल्यांनी आत्ताच आर्किटेक्टला दाखवून गुंठेवारी नियमितीकरणात बसतंय का ते बघून घ्यावं, नोटिस आल्यावर नाही.

वीज महावितरणची, बस पीएमपीची, ह्यात काहीच फरक पडत नाही. झेडपीची शाळा महापालिकेकडे जाते, तिथे शिक्षक किती येतात हे मात्र विचारा.

माझं मत

तुमच्या गावात टॉवर उभे राहिलेत, रोज टँकर येतात, आणि महापालिकेची पाण्याची मोठी लाइन दोन-तीन किलोमीटरवर आहे, तर आत जा. ग्रामपंचायतीत राहून ते पाणी कधीच येणार नाही. गाव अजून निम्मं शेतीचं आहे, वस्ती विरळ आहे, लाइन लांब आहे, तर घाई करू नका, ग्रामपंचायत चांगली चालवणं जास्त फायद्याचं. आणि तीन-चार मोठी गावं लागून आहेत, कंपन्या किंवा गोडाऊनमुळे घरपट्टीचं उत्पन्न पक्कं आहे, पाण्याची स्वतंत्र योजना मंजूर आहे, अशा ठिकाणीच नगरपरिषद मागा. ह्यातली शेवटची अट नसेल तर नगरपरिषद म्हणजे मोठी ग्रामपंचायत होऊन बसेल.

सरकार आधी प्रारूप अधिसूचना काढतं आणि हरकती-सूचनांसाठी मुदत देतं. २३ गावांची प्रारूप अधिसूचना डिसेंबर २०२० ला निघाली होती, हरकतींना ३० दिवस होते. त्या दिवसांत शंभर जणांनी एकच छापील फॉर्म देण्यापेक्षा प्रत्येक सोसायटीने, प्रत्येक वाडीने आपली वेगळी हरकत द्यावी आणि त्यात ठरावीक गोष्टी मागाव्यात: पाण्याची टाकी कुठे आणि कोणत्या वर्षापर्यंत, घरपट्टीचे टप्पे किती वर्षांचे, निवडणूक होईपर्यंत गावाच्या वतीने बोलायला कोण, परवानग्या कोणत्या ऑफिसातून. हरकत सोसायटीच्या लेटरहेडवर, गट नंबर आणि एकूण फ्लॅट लिहून द्या, दोन प्रती करा आणि एका प्रतीवर तारखेचा शिक्का मारून पोच घ्या.