सुंदर कापडं दाखवायची आहेत : पहिल्या क्विल्टसाठी कोणता पॅटर्न घ्यावा?

माझ्याकडे पक्ष्यांचं एक कापड होतं. राखाडी-निळी जमीन, त्यावर तळहाताएवढे पक्षी, प्रत्येकाच्या मानेवर केशरी पिसांची बारीक रेघ. दोन वर्षं जपलेलं ते कापड मी पहिल्या क्विल्टसाठी, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या गोधडीसाठी, बाहेर काढलं आणि पॅटर्नमध्ये लिहिलं होतं म्हणून त्याच्या अडीच इंची पट्ट्या कापल्या. शिवून झाल्यावर पाहिलं तर कुठे चोच, कुठे शेपटीचं टोक, कुठे नुसताच पंख. शिवण सरळ आली होती, कोपरे जुळले होते, पण अख्खा पक्षी एकही उरला नव्हता.

पहिला पॅटर्न निवडताना ‘सोपा कोणता?’ एवढंच विचारून भागत नाही, ते मला तेव्हा कळलं. सोपे पॅटर्न पुष्कळ आहेत. त्यांतला कोणता तुमचं कापड दिसू देतो आणि कोणता त्याचे तुकडे तुकडे करून टाकतो, हे आधी पाहायला हवं. त्यासाठी मी एक साधी युक्ती वापरते. जाड कागदाला तीन चौकोनी खिडक्या पाडायच्या : दोन इंची, साडेचार इंची आणि सहा इंची. हा कागद कापडावर ठेवून हळूहळू सरकवायचा. खिडकीतून जेवढं दिसेल तेवढंच शिवल्यावर क्विल्टमध्ये दिसणार आहे. मापं अशी का, तर क्विल्टिंगमध्ये शिवणीला पाव इंच माया धरतात. ती चारही बाजूंनी आत जाते. म्हणून पाच इंची चौकोन शिवल्यावर साडेचार इंच उरतो आणि अडीच इंची पट्टी दोन इंच. माझे पक्षी दोन इंची खिडकीत मावणारच नव्हते. कात्री उचलण्याआधी हे दोन मिनिटांत समजलं असतं.

चौकोनांचे दोन प्रकार

नवख्यांना पहिला सल्ला मिळतो तो साध्या चौकोनांचा, आणि तो योग्यच आहे. मात्र लहान चौकोन आणि मोठे चौकोन हे दोन वेगळे पॅटर्न समजावेत, इतका त्यांच्यात फरक आहे.

पाच इंची चौकोनांची तयार कापलेली गड्डी मिळते, त्यामुळे बहुतेकजणी तिथून सुरुवात करतात. मांडीवर घ्यायच्या, साधारण साठ इंची क्विल्टला तेरा बाय तेरा असे १६९ चौकोन लागतात. त्यात जिथे चार कोपरे एकत्र येतात अशा १४४ जागा असतात. दहा इंची चौकोन घेतले तर सहा बाय सहा म्हणजे ३६ चौकोनांत जवळपास तेवढीच क्विल्ट होते, आणि जुळवायच्या जागा राहतात पंचवीस.

चुकांचा हिशेबही तसाच आहे. समजा, तुमची माया पाव इंचापेक्षा एक सोळांश इंच जास्त पडते. नव्या हाताला हे सहज होतं आणि डोळ्यांना दिसतही नाही. ती दोन्ही तुकड्यांतून जाते, म्हणून दर सांध्याला अष्टमांश इंच कमी होतं. तेरा चौकोनांच्या ओळीत बारा सांधे, म्हणजे ओळ दीड इंच आखूड. सहा चौकोनांच्या ओळीत तीच चूक पाऊण इंचालाही पोचत नाही.

कापडाच्या दृष्टीने पाहिलं तर लहान चौकोन बारीक फुलं, ठिपके, चौकडी अशा छापांना शोभतात. मोठे चौकोन मोठ्या नक्षीला जागा देतात, पण सगळीच कापडं गजबजलेली असली तर दहा इंची तुकडे शेजारी शेजारी एकमेकांवर ओरडायला लागतात. मध्ये डोळ्याला विसावा उरत नाही. तेव्हा दर तिसरा-चौथा तुकडा एकरंगी घालावा.

चार कोपरे जुळवायची रीत एकदा हाताला कळली की कायमची कळते. पहिल्या ओळीतल्या शिवणींची माया इस्त्रीने उजवीकडे पाडायची, दुसऱ्या ओळीतली डावीकडे. मग दोन्ही ओळींच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून सांध्यावर अंगठा आणि तर्जनी फिरवायची. दोन्ही उंचवटे एकमेकांना टेकून अडकले की बोटांना तो भाग सपाट लागतो. मध्ये खाच जाणवली तर जुळलेलं नाही. सपाट लागलं की लगेच टाचणी टोचायची.

विटांची मांडणी आणि चौकटीतला चौकोन

खरी निवड या दोघांत आहे असं मला वाटतं, म्हणून इथे जरा थांबते.

विटांच्या मांडणीत आयताकृती तुकडे भिंतीतल्या विटांसारखे लावतात, म्हणजे खालच्या ओळीचा सांधा वरच्या विटेच्या मधोमध येतो. चार कोपरे एकत्र येण्याची जागाच या रचनेत नाही. शून्य. पहिल्या क्विल्टसाठी यापेक्षा दिलासा देणारी गोष्ट नाही. साडेसहा बाय साडेदहा इंचांचे आयत कापले की शिवल्यावर सहा बाय दहाची वीट मिळते. साठ इंच रुंद, साठ इंच उंच क्विल्टला दहा ओळी लागतात : पाच ओळींत सहा सहा अख्ख्या विटा, उरलेल्या पाच ओळींत पाच अख्ख्या आणि दोन्ही टोकांना अर्ध्या. एकूण ५५ अख्ख्या आणि १० अर्ध्या. अर्धी वीट साडेसहा बाय साडेपाच इंचांची कापायची. तिथे पाच इंचांची कापली तर मायेचा हिशेब चुकतो आणि ओळ आखूड पडते. एखादी ओळ थोडी लांब झालीच तर कडेला छाटून टाका, कुणालाही कळणार नाही.

सहा बाय दहा इंचांत मोठं फूल मावतं, वेल वळण घेते, माझ्यासारखीचा पक्षी चोचीपासून शेपटीपर्यंत बसतो. मोठ्या आणि बारीक छापांची सरमिसळही इथे खपून जाते. उणीव एकच : ही रचना स्वतः काही बोलत नाही. रंगांची मांडणी तुम्ही नीट केली नाही तर लांबून सगळं एकसारखं, मळकट दिसू शकतं.

चौकटीतल्या चौकोनात साडेसहा इंची चौकोन मध्ये असतो आणि त्याच्या चारही बाजूंना एकरंगी पट्टी. अडीच इंची पट्ट्या लावल्या तर शिवल्यावर दहा इंची ब्लॉक, म्हणजे क्विल्टचा एक जोडलेला चौकोनी भाग, होतो, आणि साठ इंची क्विल्टला असे छत्तीस ब्लॉक पुरतात. प्रत्येक चित्राला तसबिरीसारखी चौकट मिळते. गजबजलेली कापडंही शांत दिसतात, कारण दोन छापांच्या मध्ये चार इंच एकरंगी जागा राहते. आणि नवख्यांसाठी मोठा फायदा असा, की ब्लॉकला ब्लॉक जोडताना चौकटीला त्याच रंगाची चौकट भिडते. कोपरा थोडा हुकला तरी दिसत नाही.

मी पट्ट्या अडीचऐवजी तीन इंची कापते आणि ब्लॉक शिवून झाल्यावर चारही बाजूंनी साडेदहा इंचांवर छाटते. थोडं कापड जास्त जातं, पण वाकडा झालेला ब्लॉकसुद्धा काटकोनात येतो. छाटताना मधला चौकोन मध्यावरच राहील एवढं बघायचं.

मग दोघांत फरक काय? मेहनतीचा, आणि कापडाच्या नासाडीचा. विटा ५५ असल्या तरी प्रत्येक वीट म्हणजे एकच तुकडा. चौकटीच्या प्रत्येक ब्लॉकला पाच तुकडे, म्हणजे छत्तीस ब्लॉकना १८० तुकडे आणि प्रत्येक पट्टी लावल्यावर इस्त्री. शिवाय पक्षी बरोबर मध्यावर हवा म्हणून तुम्ही कापडावर जागा निवडून चौकोन कापलेत, तर आजूबाजूचं कापड वाया जातं आणि मूळ कापडाला जाळीसारखी भोकं पडतात. अर्धा मीटर कापडातून हिशेबाने जेवढे चौकोन निघायला हवेत, त्याच्या निम्मेसुद्धा कधी कधी निघत नाहीत. कापड मोजकंच असेल तर हे परवडणार नाही.

तुमच्याकडे मोठ्या चित्रांची एक-दोन अप्रतिम कापडं असतील आणि ती भरपूर असतील तर मी चौकट सांगेन. दहा-पंधरा वेगवेगळी कापडं थोडी थोडी असतील तर विटा. पहिल्यांदाच मशीनवर सरळ शिवण घालायला शिकत असाल तर कापड कोणतंही असो, विटाच.

पट्ट्यांचे पॅटर्न

पट्ट्यांच्या पॅटर्नचं आकर्षण मला समजतं. जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ साली रोटरी कटर, म्हणजे गोल फिरत्या पात्याचा कटर, आणला आणि तेव्हापासून मोजपट्टी लावून एका रेषेत थरावर थर कापणं सोपं झालं. अडीच इंची पट्ट्यांचे तयार रोलही मिळतात. तीन पट्ट्या लांबीने जोडून त्यांचे साडेसहा इंची चौकोन कापले आणि एक उभा, एक आडवा असे लावले की कुंपणासारखी नागमोडी रचना तयार होते. उभ्या ब्लॉकच्या शिवणी शेजारच्या आडव्या ब्लॉकच्या सपाट पट्टीला येऊन टेकतात, त्यामुळे ब्लॉकच्या आतल्या शिवणी जुळवाव्या लागत नाहीत. काम झपाझप होतं. पण दिसतं किती? दोन इंच. बारीक छाप, ठिपके, रेघा असतील तर जरूर करा, फार देखणं होतं. मोठी नक्षी असेल तर करू नका.

लॉग केबिनचंही तेच, किंबहुना जास्तच. मधल्या लहान चौकोनाभोवती पट्ट्या फिरत जातात, एका अंगाला फिक्या, दुसऱ्या अंगाला गडद. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या जीज बेंड इथल्या बायकांच्या क्विल्ट २००२ साली संग्रहालयांत मांडल्या गेल्या, त्यांत याच कुळातली, चौकोनाभोवती चौकोन वाढत जाणारी ‘हाउसटॉप’ ही रचना पुन्हा पुन्हा दिसते. त्यांतल्या कितीतरी क्विल्ट कामाच्या जुन्या कपड्यांच्या, साध्या कापडांच्या आहेत, आणि तरी समोर उभं राहावंसं वाटतं. ती ताकद रेषेची आणि रंगाची आहे, छापाची नाही. तुमचं प्रेम छापावर असेल तर हा पॅटर्न दुसऱ्या कापडांसाठी ठेवा.

पट्ट्यांतला एक मात्र मी मनापासून सुचवते : नाण्यांची चळत. वेगवेगळ्या जाडीचे आडवे तुकडे एकावर एक जोडून उभा स्तंभ करायचा आणि दोन स्तंभांच्या मध्ये एकरंगी उभी पट्टी. तुकड्याची रुंदी सारखी हवी, उंची दोन इंच असो की सात, चालते. ज्या कापडाला जेवढी जागा हवी तेवढी देता येते, आणि शेजारच्या स्तंभाशी काहीच जुळवायचं नसतं.

नऊ चौकोन आणि त्रिकोण

नऊ चौकोन जोडून मग त्या ब्लॉकचे उभे-आडवे मध्यातून चार भाग करायचे आणि फिरवून परत शिवायचे, हा प्रकार फार लोकप्रिय आहे. पाच इंची चौकोनांचा ब्लॉक चौदा इंची होतो, कापल्यावर सात इंची चार तुकडे मिळतात. अवघड दिसतं, पण सोपं असतं. फक्त यात मधल्या चौकोनाचे चार भाग होतात आणि शेवटी प्रत्येकाचे दोनच इंच उरतात. बाजूच्या चार चौकोनांचे दोन दोन भाग होतात. अखंड राहतात ते कोपऱ्यातले चार. म्हणून आवडीची कापडं कोपऱ्यांत, एकरंगी मध्ये, आणि रेघा किंवा ठिपके बाजूंना.

अर्ध्या चौकोनांचे त्रिकोण पहिल्या क्विल्टसाठी नकोत. तिरक्या कापलेल्या कडेला उरेप येते, ती हाताच्या ओढीने ताणली जाते आणि ब्लॉक फुगतो. शिवाय तिरका काप नक्षीच्या मधूनच जातो. दुसऱ्या क्विल्टला करा. षटकोनांबद्दल एवढंच, की हाताने शिवायची आवड आणि महिनोन्‌महिने धीर असेल तर त्यांत फूल बरोबर मध्यावर बसवता येतं, आणि ते फार सुंदर दिसतं.

कापण्याआधी दोन गोष्टी

नक्षीला वर-खाली दिशा आहे का, ते बघा. झाडं, घरं, प्राणी असलेल्या कापडाला असते. ब्लॉक फिरवून लावायच्या पॅटर्नमध्ये, म्हणजे कुंपणात किंवा नऊ चौकोनांच्या त्या प्रकारात, अर्धी झाडं आडवी पडतात. विटा, चौकट आणि नाण्यांची चळत यांत सगळं उभं राहतं. मात्र वीट आडवी असते. म्हणून अशा कापडातून आयत कापताना साडेदहा इंचांची बाजू नक्षीच्या रुंदीकडे धरा.

दुसरं, सगळी कापडं शेजारी शेजारी पसरून फोनवर फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करून पाहा. रंग वेगळे असूनही सगळा फोटो एकाच राखाडी छटेचा दिसला, तर क्विल्टमध्येही ती कापडं एकमेकांत मिसळून जातील. एक-दोन बरीच फिकी आणि एखादं खूप गडद कापड मिळवा, मग पुन्हा फोटो. माझ्या पक्ष्यांचं जे कापड उरलं होतं, ते दुसऱ्या वेळी मी हस्तिदंती चौकटीत बसवलं. अकरा पक्षी निघाले. उरलेल्या चौकोनांत बारीक पानांचा छाप घातला, आणि गोट लावला मानेवरच्या केशरी रेघेच्या रंगाचा.