ऑनलाइन अ‍ॅनाटॉमी: काही महिने शिकवल्यानंतरचा अनुभव

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला गेले काही महिने मी अ‍ॅनाटॉमी ऑनलाइनच शिकवतेय. लाइव्ह तास, थ्रीडी मॉडेल, मधेमधे पोल आणि चर्चेसाठी छोटे गट.

मॉडेलचा खरा फायदा नर्व्हच्या वाटा दाखवताना होतो. डावी रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह (स्वरयंत्राला, म्हणजे आवाजाला चालवणारी) थेट छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीला खालून वळसा घालते आणि पुन्हा गळ्याकडे चढते. उजवी मात्र सबक्लेव्हियन धमनीपासूनच (गळ्याच्या हाडामागची, हाताकडे जाणारी धमनी) माघारी फिरते. फळ्यावर यातलं मागचं-पुढचं नीट दाखवताच येत नाही. मॉडेलचा एकेक थर बाजूला केला, की मी पोल टाकते: छातीतल्या गाठीमुळे आवाज बसला, तर कुठल्या बाजूच्या नर्व्हवर आधी संशय घ्याल? उत्तर मी सांगत नाही; गटांत भांडून मुलं 'डावी'वर येतात, आणि का तेही सांगतात.

छेदांचं, म्हणजे देहाच्या आडव्या कापांच्या चित्रांचं, काम तर मला मॉडेलहून मोलाचं वाटतं. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या व्हिजिबल ह्यूमन प्रोजेक्टमध्ये १९९४ साली एका पुरुषदेहाचे १ मिलिमीटर अंतराने घेतलेले छेद उपलब्ध झाले. असा मनगटाचा छेद स्क्रीनवर ठेवायचा आणि मुलांनीच त्यावर कार्पल टनेल, म्हणजे मनगटातला अरुंद बोगदा, आखायचा: आत ९ टेंडन (स्नायूंच्या दोऱ्या) आणि मीडियन नर्व्ह. ही नर्व्ह रेटिनॅक्युलमच्या, म्हणजे बोगद्यावरच्या चिवट पट्टीच्या, किती लगत आहे, हे तिथे डोळ्यांना दिसतं.

माझी मुख्य तक्रार अशी, की मी वापरते त्या मॉडेलमध्ये एकच, आखीवरेखीव देह आहे. त्यात पामारिस लाँगस हा कोपरापुढच्या हातातला बारीक स्नायू दोन्ही हातांना असतोच. म्हणून मी सगळ्यांना कॅमेरा सुरू करायला लावते. अंगठा करंगळीला टेकवायचा, मनगट थोडं वाकवायचं. बहुतेकांच्या मनगटावर मधोमध त्या स्नायूची दोरी उठते, काहींच्या उठतच नाही, एखाद्याच्या एकाच हाताला दिसते. माणसामाणसातला फरक इथे स्वतःच्याच हातावर सापडतो, आणि हा तास कुणीही विसरत नाही.

फॅशियाची (स्नायूंवरच्या पातळ आवरणाची) चिवट पकड, धमनी आणि शिरेच्या भिंतीतला बोटांना कळणारा फरक, हे मात्र स्क्रीनवरून पोहोचत नाही. डिसेक्शन हॉल, म्हणजे शवविच्छेदनाची खोली, मिळत असेल तर तो सोडू नका. आदल्या दिवशी तोच भाग ऑनलाइन घ्या. फोनवर मॉडेल अडखळतं, तेव्हा छेदांची चित्रं आधीच पाठवून ठेवलेली बरी.