वस्तऱ्यासाठी सागवानी स्टँड: नौपाड्यातील सुताराचे काम, एका पावसाळ्यानंतर

साध्या रेझरचे पाते गंजले तर ते टाकून नवे बसवता येते. वस्तऱ्याचे तसे नाही. त्याचे पाते कार्बनयुक्त पोलादाचे असते आणि ठाण्यातल्या जुलैच्या हवेत ते न्हाणीघरात ओले राहिले, तर एका रात्रीत त्यावर तांबूस ठिपके उमटू शकतात. माझा वस्तरा जर्मनीतील सोलिंगेनचा, ५/८ इंच रुंद पात्याचा आहे. त्याच्यासाठी आणि दाढीच्या ब्रशसाठी नौपाड्यातील एका सुतारकाकांकडून मी मे महिन्यात लाकडी स्टँड करून घेतला. मजुरी व लाकूड धरून २,६०० रुपये पडले. आठ दिवसांचा वायदा तीन आठवड्यांवर गेला, पण काम पाहिल्यावर त्याविषयी तक्रार उरली नाही.

लाकूड पाडकामातून आलेल्या जुन्या चौकटीचे, सागवानी आहे. अनेक वर्षे वाळलेले असल्यामुळे ते सहसा पिळत नाही. बैठकीच्या एका कोपऱ्यात जुन्या खिळ्याचे भोक असून त्याभोवती काळसर वर्तुळ दिसते. लाकडातील टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की असा डाग पडतो. त्यावर बोट ठेवून काकांनी सांगितले, “साहेब, म्हणून स्क्रू पितळेचेच लावणार.” उभा खांब त्यांनी बैठकीत साल-कूस सांध्याने, म्हणजे खांबाचे कोरलेले टोक (कूस) बैठकीतल्या खाचेत (साल) घालून, बसवला आणि सागाच्या अंगच्या तेलामुळे चिकटद्रव्य नीट धरत नाही म्हणून कूस आधी थिनरने पुसून घेतली. चपड्याचे पॉलिश पाण्याने पांढरे पडते, हे ओळखून त्यांनी पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश दिले.

ब्रशची खाच हा या कामाचा सर्वांत सुंदर भाग आहे. काकांनी माझ्या ब्रशची मान कॅलिपरने मोजली, खाच २४ मिलिमीटरची कापली आणि तोंडाशी ती किंचित अरुंद ठेवून आतल्या कडा अर्धगोल कानशीने गोल केल्या. ब्रश केस खाली करून अडकवला की हलत नाही, आणि काढताना मुठीला ओरखडाही उठत नाही. बैठक २५ मिलिमीटर जाड असल्यामुळे एका बाजूला ब्रश टांगूनही स्टँड कलत नाही.

वस्तऱ्याच्या जागेत मात्र चूक झाली होती. बंद वस्तरा आडवा ठेवण्यासाठी दोन खाचा आहेत आणि त्यांत काकांनी मला न विचारता मखमल चिकटवली होती. दिसायला ती देखणी होती, परंतु एक खाच नेमकी मुठीच्या, पाते ज्यावर फिरते त्या खिळ्याखाली येते. पाते कितीही पुसले तरी खिळ्यापाशी पाण्याचा थेंब दडून राहतो. तो मखमलीत मुरला आणि जूनअखेर तिथे गंजाची बारीक रेघ दिसली. स्टँड परत नेल्यावर काकांनी वाद न घालता मखमल खरवडून काढली, खाचांच्या तळाला आरपार भोके पाडली आणि पैसे घेतले नाहीत. आता मी खिळ्याच्या फटीतून टिश्यूची घडी ओढतो, वस्तरा अर्धा तास उघडा ठेवतो आणि मगच स्टँडवर ठेवतो. त्यानंतर गंज चढलेला नाही.

दुसरी उणीव अजून तशीच आहे. बैठकीच्या खालच्या बाजूला पॉलिश नाही, आणि आडव्या कापाची टोके, म्हणजे जिथे लाकडाचे तंतू आडवे कापले जातात ती, पाणी लवकर शोषत असल्यामुळे पावसाळ्यात तिथे लाकूड किंचित फुगले. असा स्टँड करून घेणाऱ्यांनी सर्व बाजूंना पॉलिश द्यायला आवर्जून सांगावे.

वस्तरा ज्यावर घासून धार नीट करतात त्या चामडी पट्ट्यासाठी स्टँडलाच कडी लावा, असे मी सुचवले होते. काकांनी ते ठामपणे नाकारले. पट्टा ताणून धरावा लागतो, तो सैल पडला तर धार बोथट होते, आणि एवढ्याशा बैठकीला ती ओढ पेलणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ती कडी आता आरशाशेजारी भिंतीत आहे आणि तिथेच ती योग्य आहे.