ट्रॅक्टरवरचे जादा एलईडी दिवे आणि त्यांची वायरिंग: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या काळ्या, भारी जमिनीत वाफसा फार दिवस टिकत नाही. पाऊस उघडल्यावर आधी चिखल असतो आणि ऊन चांगले पडले की लगेच ढेकळे होतात, त्यामुळे मधल्या दोन-तीन दिवसांत जेवढे उरकेल तेवढेच खरे. रात्री ट्रॅक्टर चालवणे ही आमच्याकडे हौस नसून गरज आहे. माझ्या ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला मागे एकच प्लाऊ लॅम्प होता आणि त्याच्या पिवळ्या उजेडात रोटाव्हेटरच्या डाव्या टोकाला काय चालले आहे हे कळत नसे. म्हणून मार्चमध्ये मी चार एलईडी दिवे बसवले, दोन मागे आणि दोन पुढे. उन्हाळी मशागत, जूनची सोयाबीनची पेरणी आणि आता नोव्हेंबरमधली हरभऱ्याची पेरणी एवढा वापर झाल्यावर हे लिहीत आहे.

दिवे बाजारात सर्रास मिळणारेच आहेत. चौकोनी, नऊ एलईडींचे, अ‍ॅल्युमिनियमच्या घराचे आणि खोक्यावर २७ वॅट छापलेले. प्रत्येकी ४५० रुपयांना मिळाले. मल्टिमीटर लावून पाहिले तेव्हा १३.२ व्होल्टवर एक दिवा १.४ अँपिअर घेत होता, म्हणजे जेमतेम साडेअठरा वॅट. खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नये एवढाच त्याचा अर्थ. शेतकामाला हा उजेड पुरेसा आहे. चार दिवे मिळून साडेपाच अँपिअरच्या आसपास घेतात आणि माझ्या अल्टरनेटरची (इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राची) क्षमता ३६ अँपिअर आहे, तेव्हा इंजिन कामाच्या वेगावर असताना बॅटरीवर ताण येत नाही. मात्र मंद वेगावर अल्टरनेटर त्यापेक्षा पुष्कळ कमी वीज देतो, म्हणून ट्रॅक्टर बांधावर उभा करून गप्पा मारताना सगळे दिवे चालू ठेवू नयेत.

दिव्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट वायरिंगची आहे आणि ती मला चुकीतून समजली. पहिली जोडणी मी तालुक्याच्या गावी करून घेतली होती. कारागिराने प्लाऊ लॅम्पची मूळ वायर सोलली, तिलाच चारही दिव्यांच्या बारीक वायरी पिळून चिकटपट्टी गुंडाळली आणि अर्थिंगसाठी (म्हणजे वीज बॅटरीकडे परत जाण्याच्या वाटेसाठी) मडगार्डच्या रंगावरच बोल्ट आवळला. अर्ध्या तासात काम झाले आणि दिवे लख्ख पेटले. चौथ्या रात्री रोटाव्हेटर चालू असताना मागचे दिवे लुकलुकू लागले आणि धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, लाइटचं बटन तापलंय, वास येतोय बघ." हेडलाइट, प्लाऊ लॅम्प आणि हे चार दिवे असा सगळा प्रवाह त्या एकाच जुन्या बटनातून जात होता. बॅटरीवर १३.६ व्होल्ट असताना दिव्याच्या टोकाला १०.९ व्होल्टच पोहोचत होते.

येथे एक बारकावा सांगायला हवा. हॅलोजनच्या दिव्याला व्होल्टेज कमी पडले की उजेड लगेच पिवळा पडतो आणि दोष डोळ्यांना दिसतो. या एलईडी दिव्यांच्या आत प्रवाह सांभाळणारे सर्किट असते. व्होल्टेज घटले की ते उलट जास्त अँपिअर ओढते आणि उजेड तसाच ठेवते. त्यामुळे वायर बारीक आहे किंवा सांधा कच्चा आहे हे उजेडावरून कळत नाही. ते वायर तापल्यावरच कळते.

मग मी सगळे काढून पुन्हा नव्याने केले. त्यासाठी वायर, रिले (किरकोळ प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे विजेवरचे बटन), फ्यूज, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे टोक) आणि वायर झाकायची फ्लेक्झिबल नळी मिळून साधारण १,४०० रुपये लागले. काम सुरू करताना बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल आधी काढावे, कारण पॉझिटिव्ह आधी सोडताना पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होते. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरावर फ्यूज ठेवले, मागच्या जोडीला वेगळा आणि पुढच्या जोडीला वेगळा, दोन्ही १० अँपिअरचे. फ्यूज दिव्यासाठी नसून वायरसाठी असतो. तो दिव्याजवळ बसवला तर बॅटरीपासून त्याच्यापर्यंतची सगळी वायर संरक्षणाविना राहते. फ्यूजपासून २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनला, ८७ वरून दिव्यांना, ८५ अर्थिंगला आणि ८६ ला किल्ली फिरवल्यावरच मिळणारी वीज डॅशबोर्डवरच्या नव्या बटनातून. आता बटनातून फक्त रिलेच्या कॉइलचा किरकोळ प्रवाह जातो आणि किल्ली काढली की दिवे आपोआप बंद होतात, त्यामुळे सकाळी सेल्फ मारताना बॅटरी उतरलेली सापडत नाही. दोन्ही जोड्यांना स्वतंत्र रिले आणि स्वतंत्र बटन आहे.

अर्थिंगसाठी मी आता मडगार्डवर अवलंबून राहत नाही. प्रत्येक दिव्याची काळी वायर परत आणून इंजिनच्या ब्लॉकवरच्या एका बोल्टला दिली. तिथला रंग पॉलिश पेपरने घासून लोखंड उघडे केले, थिंबल आवळले आणि वरून व्हॅसलिन लावले. सांधे सोल्डरचा डाग देऊन न करता दाबून केले, कारण डाग दिलेली तार कडक होते आणि हादऱ्यांनी डाग संपतो तिथेच तुटते. या बदलानंतर दिव्याच्या टोकाला १३.२ व्होल्ट मिळू लागले आणि लुकलुकणे पूर्ण थांबले.

दिवे कुठे लावायचे हे ठरायला मात्र दोन महिने गेले. मागचे दिवे आधी मडगार्डवर होते, पण तिथून अवजाराच्या पाइपांची सावली नेमकी कामाच्या जागेवर पडे. छताच्या मागच्या पाइपच्या दोन्ही टोकांना नेऊन खाली कलते केल्यावर सावली गेली. पुढचे दिवे चालवणाऱ्याच्या डोक्याजवळ लावले तर मे महिन्यात धूळच उजळून निघते आणि जूनमध्ये पहिल्या पावसानंतरचे किडे तोंडावर येतात. म्हणून ते खाली बोनेटच्या बाजूला घेतले. मागे पसरट उजेडाचा आणि पुढे लांब पल्ल्याचा दिवा घ्यावा. रस्त्यावर आल्याबरोबर मागचे दिवे बंद केलेच पाहिजेत. मागून येणाऱ्याच्या डोळ्यांत हा पांढरा झोत गेला तर त्याला ट्रॉलीही दिसत नाही. विसर पडू नये म्हणून मी बटनाशेजारी एक लहान लाल इंडिकेटर जोडला आहे.

आठ महिन्यांत दोष निघाले ते असे. ऑगस्टमध्ये एका दिव्याच्या काचेआड वाफ धरली. खोक्यावर आयपी ६७ (धूळ-पाणी आत न जाण्याची खूण) छापलेले असूनही रबर नीट बसलेले नव्हते आणि मी ट्रॅक्टर धुताना पाण्याचा जोरदार फवाराही मारला होता. तो बदलला आणि आता प्रत्येक दिव्याशी वायरला खाली झोळ दिला आहे, म्हणजे पाणी सांध्यात न शिरता तिथून ठिबकते. दोनदा दिव्यांचे बोल्ट ढिले झाले. नायलॉनची कडी असलेले नट घातल्यापासून ती तक्रार राहिली नाही. सर्वांत मोठा प्रसंग उंदरांचा. पावसाळ्यात ट्रॅक्टर तीन आठवडे शेडमध्ये उभा होता, तेवढ्यात त्यांनी नळीसकट मागची वायर कुरतडली. किल्ली फिरवून बटन दाबले तर मागची जोडी लागेना. तपासल्यावर उघडी तांब्याची तार बॉडीला टेकलेली आणि फ्यूज उडालेला सापडला. बाकी काहीही तापले नव्हते, जळले नव्हते आणि पुढचे दोन्ही दिवे चालू होते. जुन्या जोडणीत हेच घडले असते तर शेडमधल्या कडब्याचे काय झाले असते, हा विचार त्या दिवशी मनातून गेला नाही.

परवा रात्री अकराच्या सुमारास हरभरा पेरताना भावाने मागे वळून पाहिले, तर पेरणी यंत्राच्या तिसऱ्या पारदर्शक नळीत बी हलत नव्हते. फणाच्या तोंडाशी ओली माती बसली होती. आम्ही ती काडीने मोकळी केली, तेवढीच पंधरा-वीस पावले मागे जाऊन ओळ पुन्हा धरली आणि पहाटेच्या आत तुकडा संपवला.