दोन टीबीची डिस्क, दहा महिने : डिस्क सोन्याची, पिन कथलाची

कंपनीचं नाव लिहीत नाही. या किमतीच्या बहुतेक पोर्टेबल डिस्कांना हीच पिन असते, त्यामुळे एकीला शिव्या घालून दुसरी घेतलीत तरी नशिबात तेच. क्षमता, वेग, वॉरंटी वगैरे खोक्यावर छापलेलं असतंच. मी लिहिणार आहे ते पिनेबद्दल.

डिस्कच्या बाजूला जी चपटी, रुंद, दोन तुकडे जोडल्यासारखी पिन बसते ना, तिला मायक्रो-बी म्हणतात असं भाच्याने सांगितलं. मी तिला बेडकाचं तोंड म्हणते. ती बसली की नाही हे हाताला कळत नाही. ‘टक्’ होत नाही, घट्ट लागत नाही. आणि सोबत दिलेली केबल मोजून दोन विती! आमचा सीपीयू टेबलाखाली जमिनीवर. आता डिस्क ठेवायची कुठे? टेबलावर ठेवली तर केबल पोचत नाही, सीपीयूच्या डोक्यावर ठेवली तर यांच्या पायाचा धक्का लागतो. शेवटी देवघरातला जादाचा पाट आणून सीपीयूशेजारी मांडला आणि त्यावर डिस्क बसवली. हे म्हणाले, “आता हळदकुंकूही वाहा.”

मुळात ही घेतली कशासाठी ते सांगते. मी सांगलीत घरी गणिताच्या शिकवण्या घेते. बारा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, २००७ पासूनचे फोटो, सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशोब (सेक्रेटरी हे आहेत, एक्सेल मी भरते), रिटर्नच्या पीडीएफ, शेताचे कागद, असा सगळा मिळून तीनशे जीबीच्या आतबाहेरचा पसारा. इतकी वर्षं माझी ठाम समजूत होती की महत्त्वाचं ‘डी’ ड्राइव्हमध्ये ठेवलं की ते सुरक्षित. पूर्वी दुकानदार सी फॉरमॅट करून द्यायचा आणि डी तसाच राहायचा, त्यातून ही श्रद्धा जडली. भाचा म्हणाला, “मावशी, सी आणि डी म्हणजे एकाच खोलीला मध्ये पडदा लावलाय. छत कोसळलं तर दोन्हीकडचे गेले.” तरीही मी दोन वर्षं काही केलं नाही. गेल्या दिवाळीच्या सेलमध्ये साडेपाच हजारांत ही डिस्क दिसली तेव्हा घेतली. दोन टीबीची एक पूर्णांक एक्क्याऐंशी दिसते म्हणून मी भांडायला निघाले होते, पण तो मोजायच्या पद्धतीतला फरक निघाला. कंपनी हजाराने मोजते, विंडोज एक हजार चोवीसने. सोनाराचा नि गिऱ्हाइकाचा तोळा वेगळा असावा तसं.

भाच्याने विंडोज १० मधलं फाइल हिस्टरी (फाइलींच्या जुन्या-नव्या प्रती दुसऱ्या डिस्कवर ठेवणारी सोय) लावून दिलं आणि डीमधला पेपरांचा फोल्डर यादीत घालून दिला. हे मुद्दाम लिहिते, कारण ते आपणहून फक्त डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असले ठरलेले फोल्डर उचलतं. डीमधलं आपण दाखवल्याशिवाय त्याला दिसत नाही. पहिली कॉपी संध्याकाळी सातला सुरू केली ती रात्री साडेबाराला संपली. त्यानंतर दर रविवारी मी पूजा आटोपली की डिस्क लावायची आणि दुपारी जेवणानंतर काढायची.

पहिल्या महिन्यात मी या डिस्कला पाच तारे दिले होते, तेही खरंच मनापासून. सोसायटीच्या हिशोबाची फाइल यांनी उघडली, मधल्या चाळीस ओळी उडवल्या आणि वर सेव्ह करून टाकली. दोन दिवसांनी सभा. मी फाइलवर राइट क्लिक करून जुनी आवृत्ती मागितली तर रविवारची अख्खी फाइल समोर! यांचा चेहरा बघायला साडेपाच हजार जास्त नव्हते.

मग पावसाळा आला आणि पिनेने रंग दाखवायला सुरुवात केली. मध्येच ‘टुंग’ असा आवाज, डिस्क गायब. पुन्हा ‘टुंग’, डिस्क हजर. कॉपीचा वेग आधी सेकंदाला शंभर एमबीच्या वर असायचा तो तीस-पस्तीसवर आला. भाच्याचं म्हणणं असं की या पिनेचा अर्धा भाग जुन्या यूएसबीचा आणि उरलेला अर्धा नव्या वेगाचा. नव्या भागाचा संपर्क सैल झाला की डिस्क निमूट जुन्या चालीने चालते, तक्रार करत नाही. मी केबलीला रबरबँड लावला, पिनेखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. निळा दिवा लागला की मी म्हणायची, झालं.

झालं काहीच नव्हतं. दिव्याला करंट मिळत होता, फाइली जात नव्हत्या. कोपऱ्यात ‘ड्राइव्ह पुन्हा जोडा’ अशा अर्थाची पट्टी यायची. ती मी बाकीच्या पंधरा पट्ट्यांसारखी बंद करायची.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात सकाळी पीसी चालू केला तर काळा पडदा. एसएसडी, म्हणजे पीसीच्या आतली बिनचकतीची डिस्क, गेली. जुन्या हार्ड डिस्का मरायच्या आधी कण्हायच्या, खर्रखर्र करायच्या, आठ दिवस तरी द्यायच्या. ही बाई रात्री व्यवस्थित झोपली आणि सकाळी नाही. सी नाही, डी नाही.

दुकानात नेली. वॉरंटी पाच वर्षांची, घेऊन तीन झालेली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, एसएसडी बदलून मिळेल. डेटा वॉरंटीत येत नाही.” डेटा काढून देणारे कोणी आहेत का विचारलं, तर त्याने कुठेतरी फोन लावून साडेअठरा हजार सांगितले, तेही मिळेल याची खात्री नाही म्हणे. साडेअठरा हजार! त्यात तीन डिस्का येतात. मग म्हणाला, “बिल दाखवा.” बिल मी जपून ठेवलं होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत, मूळ खोक्यासकट. काढलं तर पांढरं फटक. त्या गुळगुळीत कागदावरची शाई तीन वर्षांत उडून गेली. नुसता दुकानाचा शिक्का राहिलेला. “यावर काही दिसत नाही मॅडम, क्लेम होणार नाही.” मी तिथे अर्धा तास भांडले. तुमच्याच मशीनने छापलेलं बिल तुम्हालाच वाचता येत नाही, तर तो दोष माझा कसा? माझ्याच नंबरावर तुमच्या रजिस्टरात शोधा म्हटलं, तर म्हणे सॉफ्टवेअर बदललं, जुनं निघत नाही. त्यांचाही बॅकअप नव्हता, हे मला घरी येताना सुचलं. तिथे सुचायला हवं होतं.

त्या बिलाचा स्कॅन मी घेतल्या दिवशीच करून डॉक्युमेंट्समध्ये टाकला होता. म्हणजे डिस्कवर असणार.

भाच्याच्या लॅपटॉपला डिस्क जोडली, तर बेडकाने तोंडच मिटलं. आता ‘टुंग’सुद्धा नाही. पुठ्ठा, रबरबँड, बोटाने दाबून धरणं, सगळं करून झालं. मी रडायच्या बेताला आले तेव्हा त्याने ड्रॉवरमधली माझ्या जुन्या मोबाइलची काळी केबल काढली आणि त्या रुंद भोकाच्या मोठ्या अर्ध्यात खुपसली. बसली! दुसरा अर्धा रिकामाच. डिस्क घूं करून फिरली आणि उघडली. हे मला दहा महिने कोणी सांगितलं नव्हतं. साधी मायक्रो यूएसबी केबल त्या भोकात बसते आणि जुन्या वेगाने का होईना, डिस्क चालते. केबल डेटावाली हवी एवढंच. चार्जरबरोबर मिळणाऱ्या काही केबलींतून नुसता करंट जातो.

आतमध्ये फाइलींच्या नावांपुढे तारखा आणि वेळा लिहिलेल्या. मी अकरा वाजता सेव्ह केलेली फाइल तिथे साडेपाचची. मला वाटलं घड्याळही बिघडलं. ती वेळ यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. बिल सापडलं, छापलं, दुकानात नेऊन काउंटरवर ठेवलं. मुलाने वर बघितलं नाही. तीन आठवड्यांनी नवी एसएसडी मिळाली. म्हणजे डिस्कने निम्मे पैसे एका कागदात वसूल करून दिले.

पण सगळ्यात नवी तारीख होती २२ जून. त्यानंतरचे आठ आठवडे कोरे. पाच चाचण्यांचे पेपर गेले. त्यातले चार पेपर पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ म्हणून पडलेले सापडले, पाचवा नवीन काढला.

इथवर लिहून ठेवलं होतं आणि दोन तारे देऊन टाकले होते. मध्ये गणपती आले, गेले. आता थोडं बदलते.

एक, १८० रुपयांची नवी केबल आणली, मीटरभर लांब. वेग पुन्हा शंभरावर. भाच्याने क्रिस्टलडिस्कइन्फो लावून डिस्क तपासली, तर तब्येत ठणठणीत. म्हणजे डिस्कचा दोष नव्हताच, दोष सोबतच्या दरिद्री केबलीचा होता. साडेपाच हजारांच्या वस्तूत पन्नास रुपये वाचवायला ही केबल घालतात, याचा राग मात्र जात नाही.

दोन, सगळे पेपर परत आले म्हणून खूश झाले, २०१४ चा एक उघडला, तर ‘प्रश्न’ या शब्दाच्या जागी आय, झेड, एक अवतरणचिन्ह आणि यू. पूर्ण पानभर असाच चिवडा. तेव्हा मी कृतिदेवमध्ये टाइप करायची. फॉन्ट विंडोजच्या फोल्डरात, आणि तो फोल्डर फाइल हिस्टरी घेत नाही. फाइल आली, अक्षर नाही आलं. ज्यांच्याकडे जुन्या, युनिकोडआधीच्या फॉन्टातला मजकूर आहे त्यांनी फॉन्टाच्या फाइली आजच कागदपत्रांच्या फोल्डरात टाकून ठेवा. मला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या पीसीवरून पेनड्राइव्हवर मिळाला, वीस प्रिंट काढायच्या बोलीवर.

तीन, पाट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही आयर्विन पुलाजवळची कृष्णेच्या पुराची पातळी ऐकत चार रात्री काढल्यात. तेव्हा आम्ही दुसऱ्या मजल्यावर वाचलो, खाली राहणाऱ्यांचं कपाटापर्यंत गेलं. आणि मी काय केलं, तर कॉम्प्युटर आणि त्याची डिस्क एकाच जमिनीवर, हातभर अंतरावर मांडली! भाचा ते तीन-दोन-एकचं पालुपद लावतो : प्रती तीन, माध्यमं दोन, एक प्रत घराबाहेर. मी म्हटलं, बाहेरच्या प्रतीचे पैसे कोण देणार? क्लाउडवाल्यांचं फुकटचं १५ जीबी फोटोंनी केव्हाच भरलंय; पुढे शंभर जीबीला महिन्याला १३० रुपये, आणि माझं सामान तीनशेचं. चार वर्षांच्या भाड्यात दुसरी डिस्क येते. मग त्याच्या जुन्या लॅपटॉपमधून काढलेली पाचशे जीबीची हार्ड डिस्क साडेतीनशे रुपयांच्या डबीत बसवली, सगळं तिच्यावर उतरवलं आणि गणपतीला तो पुण्याला घरी गेला तेव्हा त्याच्याबरोबर धाडली. ती आता बहिणीच्या कपाटात, पैठणीच्या घडीत आहे. दिवाळीला परत येईल, भरली की परत जाईल. निव्वळ पेपरांचे दोन जीबी मात्र फोटो उडवून फुकटच्या जागेत घातले.

आता रविवारी दिव्याकडे बघत नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन शेवटची कॉपी कोणत्या तारखेची ते वाचते, आणि कुठलीही एक फाइल मागून उघडून बघते. काल एक सातबारा उघडला.

तारे चार केलेत. दोन तारे असताना विक्रेत्याचा मेसेज आला होता की रिव्ह्यू बदललात तर नवी केबल मोफत पाठवू. मी कळवलं, रिव्ह्यू मी माझ्या मनाने बदलणार आहे, पण केबली दोन पाठवा आणि मीटरभर लांबीच्या पाठवा. अजून उत्तर नाही.